गाऱ्हाण्याचा लेखक कोण

ग्रंथपालनाचा कोर्स करून मी गावच्या वाचनालयात रुजू झाले, तेव्हा नियम माझ्या अंगात पुरते भिनले होते. घरी डाळ-तांदळाच्या डब्यांनाही वर्गांक देऊन झाले होते. आई वैतागली होती.

अशात आमच्या देवळातल्या गाऱ्हाण्याची पुस्तिका आली. कुठल्याही कार्याआधी देवापुढे नारळ ठेवून गावाच्या वतीने मोठ्याने मागणं मागतात, ते गाऱ्हाणं. आमच्याकडे ते आबा घालतात, रोज सकाळी वाचनालयात पेपर वाचायला येणारे. मंडळाच्या मुलांनी त्यांच्या तोंडून ते उतरवून घेऊन छापलं. कॉम्प्युटर लेखकाच्या नावाशिवाय नोंद पुढे सरकू देईना, म्हणून मी आबांचं नाव घातलं आणि कौतुकाने त्यांनाच दाखवलं.

आबांनी चष्मा काढून ठेवला. "माजां नाव काढ गो. तां देवाचां. माजां म्हणान लिवलंस तर जत्रेक खंयच्या तोंडान उभो रवू? मी गाऱ्हाणां घालूचंय नाय."

जत्रा तोंडावर आलेली. गाऱ्हाण्याशिवाय नारळ फुटणार कसा? सगळा गाव माझ्याकडे बघायला लागला. मी 'अज्ञात' लिहिलं. आबा म्हणाले, "अज्ञात कशाक? गावाक ठावक आसा." 'ग्रामस्थ' लिहिलं, तर वरच्या वाडीला त्यात खालची वाडी नको होती. थेट 'देव' लिहावं, तर आडनाव आधी की नाव, इथेच मी अडले. अखेर त्या रकान्यात नुसतं टिंब दिलं. मशीनला ते चाललं. आबा फक्त "बघुया" म्हणाले.

जत्रेला नारळ पुढे आला तरी आबा खांबाला टेकून बसलेले. मग ते सावकाश उठले आणि त्यांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा," म्हणून शेतीचं, मासळीचं, मुंबईच्या चाकरमान्यांचं मागून झालं आणि त्याच दमात ते म्हणाले, "आणि ह्या आमच्या चेडवाच्या हातसून त्या मशीनीत काय चुकला-माकला आसात, तर तां पोटात घाल. तिका यश दी."

"व्हय म्हाराजा," सगळा गाव म्हणाला, जरा जास्तच मनापासून.

मला हसू आलं. ही ओळ पुस्तिकेत नव्हती. लेखक माझ्यासमोर हात जोडून उभा होता आणि त्याचं नाव मला कुठेच लिहिता येणार नव्हतं.