पत्तीवरची लाली

ज्या मुखातून नाम निघावे, स्वर निघावा, त्याच मुखाची माणूस अशी हेळसांड करतो, याचा मला संताप येतो, मायबापहो! आमच्या शेजारचा वादक, ज्याला सारे बुलबुल म्हणत, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवी. वरचे दात वाद्याच्या तोंडावर टेकवी, खालच्या ओठावर बोरूची पत्ती धरी आणि फुंकर घाली. जिना चढणारी माणसे पायरीवरच थबकत.

एके दिवशी पत्तीवर लाली दिसली. हिरड्या सुजल्या होत्या, ब्रश लागताच रक्त येई. म्हणून या शहाण्याने तिथे ब्रश फिरवणेच सोडले! कीट साठले, त्याचे खडे झाले, तोंडाला वास सुटला. पत्तीला मात्र रोज स्नान, रोज मऊ कापडाची शेज!

"अहो, दात काय सावत्र आहेत का?" बायको विचारी.

"अगं, पण दुखतंय कुठं?"

हेच ते घातकी वाक्य! दुखले नाही, म्हणून आग आतल्या आत पसरली. वरचा दात हलू लागला, सूर चिरकला, तेव्हा बायकोने त्याला दाताच्या डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवले. बारीक सळई हिरडीत खोलवर उतरली.

"नुसती सूज होती तेव्हाच आला असतात, तर हिरडी पूर्ववत झाली असती," बाई म्हणाल्या. "आता ती दातापासून सुटलीय, आतलं हाड झिजलंय. ते आपोआप भरून येत नाही. मधुमेह आहे?"

"आहे. गोळ्या घेऊनही साखर उतरत नाही," बायकोने सांगितले.

"या आजाराने साखर चढते, चढलेली साखर हिरड्या पोखरते. हृदयविकाराशीही याचा संबंध आढळलाय."

"आणि माझं वाजवणं?"

"हा दात जाणार. बाकीचे वाचवू, पण रोज ब्रश हवा."

"रक्त काढणारा ब्रश? मुळीच नाही!"

बायको कडाडली, "पत्तीवर कीट चढलं असतं, तर ठेवलं असतंत तसंच?"

बुलबुलने पुन्हा तोंड उघडले.

दात गेला. हिरड्यांची खोल सफाई झाली. रक्त येत असतानाही तो हलक्या हाताने ब्रश फिरवीत राहिला. हळूहळू ते थांबले, साखरही थोडी नमली. आता तो वरचा ओठ दातांवर दुमडून वाजवतो. वरचा षड्ज मात्र टिकत नाही. तो तुटला, की आजही माझे रक्त उसळते: अरे, तो सूर वाचला असता!

वादन संपते. बायको हात पुढे करते. "दाखवा."

तो पत्ती तिच्या तळहातावर ठेवतो. लालीचा ठिपकाही नाही. कोरी.