बिनचहाचा बुधवार

सरांनी मला फसवलं. उधारी बुडवून नव्हे की मापात मारून नव्हे. चाळीस विज्ञान शिक्षकांसमोर, दिवसाढवळ्या, माझ्याच हातात किटली देऊन फसवलं. रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर किटली घेऊन फिरणारा मी स्वतःच्या उपाहारगृहापर्यंत पोचलो तो घासाघीस करत करत. जेटीवरच्या मासळीवाल्यासुद्धा मला लांबून पाहून टोपली झाकतात. अशा माणसाला फसवलं कोणी, तर कानावर पेन्सिल खोचून हिंडणाऱ्या एका शाळामास्तरानं.

ती पेन्सिल तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिली असेल. समोरचा माणूस भडकला, रडला किंवा गोंधळला की सर ती कानावरून काढायचे, डॉक्टर जीभ पाहतो तसे त्याच्याकडे पाहायचे आणि म्हणायचे, "छान! नोंद करा." माझ्यासारख्या तापट माणसाला हे शब्द म्हणजे कढत तेलात पाणी.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. मुंबईहून परतणाऱ्या पोरांबरोबर गर्द नावाची नशेची पूड गावोगाव पोचायला लागली होती. वरून हुकूम सुटला की विज्ञान शिक्षकांनी वर्गात व्यसनाचं शास्त्र शिकवावं, म्हणजे व्यसन मेंदूत नेमकं काय करतं ते. पण आधी शिक्षकांना ते शिकवणार कोण? पावसच्या बाजूच्या एका शाळेत सर विज्ञान शिकवायचे. काम त्यांच्या गळ्यात पडलं. मे महिन्यात पाच दिवसांचं शिबिर ठरलं. आंबा उतरवायचा सोडून मेंदू शिकायला या म्हटल्यावर शिक्षक किती आनंदले असतील, ते तुम्हीच ओळखा.

सर चहाचं ठरवायला माझ्याकडे आले. मी भाव चढवून सांगितला, कारण समोरचा तो उतरवणार हे गृहीत असतं. सर म्हणाले, "ठीक आहे, शेट. फक्त चहा कधी द्यायचा ते मी सांगेन." मी तिथंच सावध व्हायला हवं होतं. जो माणूस घासाघीस करत नाही, तो आपल्याकडून दुसरंच काहीतरी विकत घेत असतो.

त्याच महिन्यात माझा धाकटा भाऊ बाळ्या मुंबईच्या गोदीतून परत आला होता. लोकांना मी सांगितलं, कावीळ झालीय. खरं कारण गर्द. घरात पाऊल टाकल्यावर आठवड्यात त्यानं आईचा तांब्याचा हंडा विकला. मी त्याला पट्ट्यानं मारलं आणि मागच्या खोलीत कोंडलं. संस्कार कमी पडले, असं माझं मत होतं. माझी मतं चहाच्या दरासारखी आहेत, एकदा चढली की खाली येत नाहीत.

सोमवारी आणि मंगळवारी सरांनी शिक्षकांना चहात बुडवलं. दर तासाला चहा, वर "शेट, साखर वाढवा." मंडणगडपासून राजापूरपर्यंतचे शिक्षक खूश. असं शिबिर आजवर झालं नाही, असं एकमेकांना सांगू लागले.

बुधवारी सकाळी मी दोन पातेली उकळून नेली, तर सर दारात उभे. "आज चहा नाही." आत सगळ्यांच्या पिशव्या, तंबाखूच्या चंच्या, तपकिरीच्या डब्या टेबलावर जमा झालेल्या. फळ्यावर लिहिलेलं होतं, 'आजचा धडा आपणच.'

"नाही म्हणजे? दोन पातेली ओतून देऊ?" मी ओरडलो.

"चिडलात? छान! नोंद करा."

मी नोंद केली नाही. मी पातेली घेऊन मागच्या बाजूला गेलो.

अकरापर्यंत निम्म्या वर्गाचं कपाळ दुखायला लागलं. खेडचे एक शिक्षक खिशाची शिवण उसवून तंबाखूची कणी शोधत होते. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून दोघं पदवीधर हमरीतुमरीवर आले. कधी आवाज न चढवणाऱ्या एका बाईंनी सरांना "तुम्हाला लाज वाटत नाही का?" असं विचारलं. त्यांनाही उत्तर तेच मिळालं. मग बाई मान खाली घालून वहीत लिहू लागल्या.

तीन वाजता मी मागच्या कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यापाशी किटली घेऊन उभा होतो. मला कोणी सांगितलं नव्हतं. गिऱ्हाईक तहानलेलं असताना मी घरी बसत नाही, एवढंच. लघवीच्या निमित्तानं एकेक जण यायला लागला. शेवटी एक मुख्याध्यापक आले. दर गांधी जयंतीला व्यसनांवर तासभर बोलायचे ते.

"शेट, अर्धा कप तरी."

"अर्धा नाय मिळत. पूर्ण घ्या. दुप्पट भाव."

"अहो, मी मुख्याध्यापक आहे!"

"मग तिप्पट."

पाकीट आत पिशवीत अडकलेलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात ठेवलं. मी ते घेतलं.

चार वाजता सरांनी मलाही आत बोलावलं. सकाळीच चिकटवून ठेवलेला एक लिफाफा त्या बाईंना फोडायला दिला. बाईंनी वाचलं, "दुपारी मागच्या गडग्याशी विकणारा उभा राहील. भाव वाढवेल. प्रतिष्ठित माणूस वस्तू गहाण टाकेल." सगळे माझ्याकडे वळले. माझ्या एका हातात किटली, दुसऱ्यात घड्याळ. मुंबईत बाळ्याला पुड्या विकणाऱ्याच्या सात पिढ्या मी रोज सकाळी उद्धरत होतो. त्या दिवशी त्याच्या जागी मीच उभा होतो.

लोक हसले. सर हसले नाहीत. त्यांनी मुख्याध्यापकांकडे हात केला. "हे गृहस्थ वाईट आहेत? यांच्यावर संस्कार नाहीत?" हसणं थांबलं.

मग त्यांनी फळ्यावर दोन चेतापेशी काढल्या. "या दोघींच्या मध्ये खाडी असते. आपल्या भाट्याच्या खाडीसारखी, पण केसापेक्षा कितीतरी अरुंद. निरोप पलीकडे जातो तो तरीतून, म्हणजे होडीतून. समाधानाचा निरोपही तसाच जातो. मेंदूचा स्वतःचा तरवाला असतो. एक दिवस बाहेरून मोठी लाँच येते, भरधाव. मग तरवाला काय करतो, शेट?"

मला उत्तर द्यायचं नव्हतं. पण माझा बाप तरीवर होता. उत्तर तोंडातून निघून गेलं. "होडी वर ओढून ठेवतो."

"आणि लाँच बंद झाली तर?"

"माणसं काठावर अडकतात. बोंब मारतात."

"होडी लगेच पाण्यात घालता येते?"

"छे! सुकलेल्या होडीच्या फटी उघडतात. बुडेल ती. एकेक फट बुजवावी लागते. महिने जातात महिने."

"छान! नोंद करा," सर वर्गाला म्हणाले, आणि चाळीस पदवीधरांनी चहावाल्याचं वाक्य वहीत उतरवून घेतलं. महिने जातात, असं मी स्वतःच म्हटलं होतं. बाळ्याला सुधारायला मी चार दिवस दिले होते.

नंतर मी गडग्याशी कप गोळा करत असताना सर जवळ आले. "कावीळ कशी आहे?"

"तुम्हाला ठाऊक होतं. तुम्हाला चहा नकोच होता, मी हवा होतो. ही फसवणूक आहे, सर!"

"वर्गात येऊन बसा म्हटलं असतं, तर आला असतात?"

"नसतो आलो."

"छान," सर म्हणाले. पेन्सिल मात्र कानावरच राहिली.

संध्याकाळी मी मागच्या खोलीची कडी काढली. बाळ्यानं आधी माझ्या कमरेच्या पट्ट्याकडे पाहिलं. होडी नीट व्हायला दीड वर्ष लागलं. मध्ये दोनदा बुडाली. सर दर रविवारी यायचे, बाळ्याशी पत्ते खेळायचे आणि हरायचे. आता गल्ल्यावर बाळ्या बसतो.

शिबिराचं काय झालं म्हणता? शिक्षकांनी तक्रार केली. 'चहापानापासून वंचित ठेवून मानसिक छळ.' खाली चाळीस सह्या, पहिली घड्याळवाल्या मुख्याध्यापकांची. चौकशी दोन वर्षं चालली. सरांचा धडा अभ्यासातून वगळला गेला आणि शाळाशाळांत कवटीचं चित्र असलेला फलक आणि एक शपथ पोचली. शपथेला खर्च नाही आणि डोकेदुखीही नाही. सरांची बदली मंडणगडच्या एका आडगावी झाली. जाताना शेवटचा चहा माझ्याकडे घेतला. पेन्सिल टेबलावर राहिली. विसरले की ठेवून गेले, कळलं नाही. विचारायला जाईन म्हणत होतो, तर दोन पावसाळ्यांनी ते गेल्याचीच बातमी आली.

अजूनही खेड्यांतून बाप येतात, बरोबर तरणा मुलगा. माझ्याकडे चहा पिताना सांगतात, "कावीळ झालीय." मी मुलाला विचारतो, "शाळेत मास्तरांनी खाडी आणि होडीचं कधी सांगितलं होतं?" तो म्हणतो, "नाय. शपथ घेतली होती."

तेव्हा मुख्याध्यापक साहेब, आणि तुम्ही बाकीचे एकोणचाळीस, ऐका. घड्याळ मी त्याच संध्याकाळी परत केलं. चहाचा एक पैसाही घेतला नाही. तुम्ही वहीत लिहून नेलेला धडा मुलांना परत कधी केलात? कुठल्या शाळेत, कुठल्या वर्गात, कुठल्या वारी? येऊन सांगा. पेन्सिल माझ्याकडे आहे. मी नोंद करतो.