बंडीचा टायर

कारंजा घाडगेत हायवेच्या कडेला प्रेमदासचं जुन्या-नव्या टायरचं दुकान आहे. तिथे टायर घ्यायचा तर आधी भाषण ऐकावं लागतं. मालाच्या ऑटोला कोणता, ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला कोणता, हे सगळं सांगून झालं की शेवटी, "नक्षी पाहून भुलू नको, बाजूची तारीख वाच," हे ठरलेलं. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं. असा म्हातारा टायर तो गाडीला देत नाही. त्यावर खडूनं 'बंडी' लिहून ठेवतो. बैलांच्या चालीनं चालणाऱ्या बंडीला तो आणखी चार वर्षं सहज पुरतो.

मे महिन्यातल्या एका सकाळी केशवराव बंडीसाठी सांगून ठेवलेला टायर न्यायला आले. त्या मापाचा एकच उरला होता. प्रेमदासनं सवयीनं आकड्यांवरून बोट फिरवलं. ०८२५. दोन हजार पंचवीसचा आठवा आठवडा. हा तर व्हॅनवाल्या अश्विनसाठी काढून ठेवलेला, जेमतेम वर्षभराचा टायर. मग बंडीसाठी ठेवलेला दहा वर्षांचा कुठे गेला?

"भागीरथा, टायरवरचा खडू कोणं पुसला?"

"मी काल सारे धुतले," बायको आतून म्हणाली. "धूळ किती बसली होती."

प्रेमदासनं खिशातला फोन काढला. अर्ध्या तासापूर्वी त्यानं घाईघाईत अश्विनच्या व्हॅनला मागचा टायर बसवला होता. व्हॅन गावातून मीरा मॅडम आणि आणखी पाच शिक्षिकांना एकेक करून घेत नागपूरला प्रशिक्षणाला निघालेली. अशा उन्हात, भरल्या गाडीत, ऐंशीच्या वेगात ते रबर फुटलं तर? साऱ्या तालुक्याला तारीख वाचायला लावणाऱ्या शहाण्यानं स्वतः मात्र खडू नाही एवढंच पाहिलं होतं.

अश्विन फोन उचलेना. प्रेमदासनं चांगला टायर, हवेचा पंप आणि हत्यारं मोटरसायकलला बांधली आणि कोंढाळीच्या दिशेनं सुटला. रस्त्यात ट्रकच्या टायरचे फाटके तुकडे पडलेले; प्रत्येक तुकड्यापाशी तो वेग कमी करून कडेला पाहून घेई. आणि मग एका कडुनिंबाखाली व्हॅन उभी दिसली. साऱ्या मॅडम बाहेर उभ्या.

"काऊन थांबला रे?" त्यानं मोटरसायकलवरूनच विचारलं.

"जयभीम काका. तुमीच तर सांगता, चाक बसवलं का वीस किलोमीटरवर नट तपासजो. तेच करून राह्यलो." अश्विनच्या हातात पाना होता.

पोराला मिठी मारावी असं प्रेमदासला वाटलं. त्यानं नुसता पाना घेतला आणि खाली बसला. "माही चूक झाली मॅडम," म्हणत सगळं सांगितलं आणि टायर बदलला.

मग मीरा मॅडमनी तोंड सोडलं. दहा वाजता हजेरी होती, आता गैरहजेरी लागणार, लोकांना शिकवता आणि स्वतः असे कसे वागता भाऊ. बाकीच्या पाच जणीही सामील झाल्या. तेवढ्यात भागीरथाचा फोन आला.

"भेटले काय जी?"

"भेटले. साऱ्या सुखरूप हायेत," डोळे पुसत तो म्हणाला. "मले रागावून राह्यल्या. थोडा वेळ आयकतो अन् येतो."