हात ठेवायची गादी

आमच्या अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये एक जुनी मोटार ठाण मांडून बसली आहे. काळी, गोल पाठीची, पाण्यात डुंबून आलेल्या म्हशीसारखी समाधानी. चाकांखाली विटा आहेत आणि पोटात इंजिन नाही. ते वडिलांनी त्यांच्या हयातीतच विकून टाकलं. पण तिचं आतलं सगळं मी स्वतःच्या हाताने नवं केलं आहे, आणि बालाघाटात जो भेटेल त्याला थांबवून हे सांगतो. लोक विचारतात, "चालते काय?" मी म्हणतो, "चालायले बैलगाडी बी चालते जी! या, बसून तं पाहा." तेवढ्यात त्यांना काहीतरी काम आठवतं.

हा सगळा खटाटोप माझ्या बायकोमुळे झाला.

आमच्या लग्नात तिची पाठवणी याच गाडीतून झाली होती, तिरोडीहून बालाघाटला. तेव्हा इंजिन होतं. आत लाल रेक्झिन होतं आणि त्याला एक वास होता. ओली चप्पल, पेट्रोल आणि आधीच्या मालकाचा चिरूट एका भांड्यात उकळले तर जो येईल, तो. कटंगीच्या अलीकडे नवरीला मळमळू लागलं. ती डावीकडे बसली होती, आणि त्या खिडकीची काच अर्ध्यावरच अडायची. मागच्या जीपमधल्या वऱ्हाडाला वाटलं, पोरगी माहेर आठवून वाकून वाकून रडते आहे. मी शेजारी बसलो होतो, आणि माझे नवे बूट खाली होते. त्यामुळे मला खरं काय ते कळत होतं.

त्यानंतर ती या गाडीत कधीही बसली नाही. शेडमध्ये झाडू मारायला गेली तरी नाकाला पदर लावायची.

मागच्या वर्षी हैदराबादला आमच्या मुलाला मुलगा झाला आणि ती सुनेच्या बाळंतपणासाठी गेली. गोंदियाला तिला रेल्वेत बसवून दिलं, तेव्हा डब्याच्या दारात उभी राहून म्हणाली, "अजी, त्या खटाऱ्यातला वास घालवा. मंग येईन मी वापस." आणि हसली. मीही हसलो, खूप मोठ्याने, शेजारच्या हमालाने वळून बघावं इतका. घरी येऊन कुलूप उघडलं, आत शिरलो, आणि का कोण जाणे, ते वाक्य मला एकदम कराराच्या कागदासारखं वाटायला लागलं.

माझा धंदा मंडप-डेकोरेशनचा. लग्नसराई संपली की पडदे गोडाऊनमध्ये आणि मी रिकामा. दाभण-सुतळी हातातली. मी सीटा उपटायला घेतल्या.

काय काय निघालं त्या सीटांमधून! चिंचोके, केसाच्या पिना, उंदरांचा एक पूर्ण मोहल्ला, आणि मागच्या सीटच्या फटीत पिवळ्या अक्षता. आमच्याच लग्नाच्या. उंदरांनी निम्म्या खाल्ल्या होत्या. म्हणजे आमचे निम्मे आशीर्वाद उंदरांना लागले, आणि त्यांची भरभराट तर मी डोळ्यांनी पाहत होतो. हे मी रात्री फोनवर बायकोला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली, की बाळ उठलं आणि फोन ठेवावा लागला.

जुनं रेक्झिन जाळलं. स्प्रिंगा घासून उन्हात ठेवल्या. आत नारळाचा काथ्या आणि कापूस भरला, वर वारासिवनीच्या मागावरचं जाड सुती कापड, निळ्या पट्ट्यांचं. नवं रेक्झिन सोपं पडलं असतं, पण पुन्हा तोच वास घरात कोण आणणार? छताचं कापड चिकटवताना मात्र नाटक झालं. सोल्युशन लावून, दोन्ही हात वर करून मी वाट पाहत उभा, म्हणजे अर्धा उभा, अर्धा वाकलेला, आणि सगळं छत सावकाश, अदबीने माझ्या डोक्यावर उतरलं. शेजारी हार्डवेअरचं दुकान चालवणारा माझा मित्र नेमका तेव्हा शेडमध्ये डोकावला.

"अरे बाप्पा! दादा, तुम्ही आहा काय अंदर?"

"पडदा पडला आहे," मी कापडाच्या आतून म्हणालो. "मध्यंतरात येजो."

तिकडे नातवाचं वय वाढत होतं आणि बायकोचं येणं पुढे जात होतं. आधी बाळाचे डोस, मग सुनेची सुट्टी संपली, मग दात. दातांचं मी काय करणार? माणूस दाताशी भांडू शकत नाही.

फोनवर मी रंगात असायचो. "काल चौघं आले होते," मी सांगायचो. "चिवड्याचा डबा खाली केला लेकाच्यांनी." कधी बोलता बोलता दोन कप एकमेकांवर वाजवायचो आणि मान वळवून म्हणायचो, "बसा न जी, बसा, चहा होऊन राह्यला!" समोर भिंत आणि गॅस सिलिंडर. मग बायको म्हणायची, "ठेवा मंग, पाहुणे आहेत तं." आणि मला फोन ठेवावा लागायचा. स्वतःच्याच नाटकात स्वतःला एक्झिट घ्यावी लागण्याची ही माझी पहिलीच वेळ नव्हती.

काम संपलं तेव्हा प्रश्न आला वासाचा. मला वास येत नव्हता. पण मला तो आधीही येत नव्हता, मी त्यात वाढलो. म्हणून मी मित्राला मागच्या सीटवर बसवलं, दार लावलं आणि काचा चढवल्या.

"घे श्वास. काय वास येते?"

"दादा, मले सर्दी आहे."

"एका नाकानं घे."

त्याने घेतला. डोळे मिटले, बराच विचार केला. "काही नाही येऊन राह्यलं," तो म्हणाला. "पण माह्या नाकाचं काय घेऊन बसले? वहिनीच्या नाकाचा प्रश्न आहे न?"

खरं होतं. आणि ते नाक हैदराबादला होतं.

तेव्हा मला ती युक्ती सुचली, जिचा मला अजूनही अभिमान आहे. नाक येत नसेल तर वास पाठवायचा! नव्या कापडाचा तुकडा पाठवणं ही लबाडी झाली असती. गाडीत मुरलेली वस्तू हवी. मागच्या सीटच्या मधोमध हात ठेवायला मी एक छोटी गादी बनवली होती, तीच, काथ्याची, निळ्या पट्ट्यांची. ती काढली, दिवाळीत अनारसे ठेवतो त्या मोठ्या स्टीलच्या डब्यात दाबून बसवली, झाकण घट्ट लावलं आणि वरून टेप गुंडाळली.

कुरियरवाल्याने डबा हलवून पाहिला. "अंदर क्या है, भैया?"

"सीट."

"डब्बे में?"

"आधी वास जाईल, मग सीट," मी मराठीत म्हणालो. त्याने निमूटपणे पावती फाडली.

डबा पोचला त्या दुपारी तिने व्हिडिओ कॉल लावला. नातू मांडीवर होता. मी इकडे खास गाडीत जाऊन बसलो, मागे निळे पट्टे दिसतील असा. तिने टेप काढली, झाकण उघडलं. मी मंडपातला माइक हातात असल्यासारखा सुरू झालो, "आता पाहा रसिकहो..."

"चूप बसा जराशिक," ती म्हणाली.

तिने गादी नाकाला लावली. मग उलटी केली आणि पुन्हा लावली.

"हे कुठचं आहे?"

"मधलं. हात ठेवायची गादी."

"हात ठेवायची?" तिने गादीकडे पाहिलं. "मंग याले तुमच्या डोक्याच्या तेलाचा वास काहून येते?"

मी फोन जरा लांब धरला.

"अन् मच्छर-अगरबत्तीचा. अजी, रात्री कुठी झोपता तुम्ही?"

"अवं, पाहुणे येतात न, त्यातला एखादा लवंडते जरासा..."

"पाहुण्याईले बी आवळ्याचंच तेल लागते काय?"

खरी गोष्ट वेगळी होती. पावसाळ्यात एका संध्याकाळी सीटची लांबी किती झाली ते पाहावं म्हणून मी आडवा झालो होतो. गुडघे दुमडल्यावर बरोबर मावलो. घरातला पलंग रुंद आहे, त्यावर एका बाजूला झोपलं की दुसरी बाजू तशीच राहते. गाडीत दुसरी बाजूच नव्हती. उशाला ती छोटी गादी घेतली, दुसऱ्या दिवशीही घेतली, आणि मग ती उशी झाली हे माझ्या लक्षातच राहिलं नाही. नाहीतर मी दार पाठवलं असतं डब्यात, गादी कशाला पाठवली असती?

"रेक्झिनचा वास येते काय?" मी विचारलं. आवाज अगदी साधा निघाला, माइकशिवायचा.

"नाही. तो गेला."

"मंग?"

नातवाने गादीचं टोक तोंडात घातलं. तिने ते सोडवलं नाही. "सुनेची ड्युटी आहे न," ती म्हणाली. "याले कोण पाहीन?"

"हौ. ते बी आहे."

"घरात झोपत जा. मान धरते तुमची."

"हौ. अन् ते गादी पाठवून दे वापस. सीटमध्ये बोगदा पडला आहे."

"पडू द्या," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

गादी आली नाही. मी दोनदा आठवण करून दिली, तिने विषय बदलला. मग एका रविवारी मुलाचा फोन आला. त्याचं मराठी आता आमच्याशी बोलण्यापुरतंच उरलं आहे. "पापा," तो म्हणाला, "वो गद्दी में ऐसा क्या है? आई कोणाले हात लावू देत नाही. कामवाली धोने ले गई, तो तिच्यावर ओरडली. सोते टाइम बी तिच्याजवळच असते."

"कापूस आहे," मी म्हणालो. "अन् काथ्या."

फोन ठेवून मी शेडमध्ये गेलो. घरात झोपायला लागल्यापासून मी गाडीची चारही दारं रोज सकाळी उघडी टाकतो, अगरबत्तीचा आणि माझा वास जावा म्हणून. मित्र कुंपणापलीकडून बघत होता.

"दादा, सीटमध्ये तो खड्डा काहून ठेवला? कापड उरलं आहे न? दुसरी शिवून टाका एक."

कापड उरलं आहे. काथ्याही आहे. एका दुपारचं काम.

"तिच्यापाशी आहे ते," मी म्हणालो. "येतानी घेऊन येईल ते."

"कवा येऊन राह्यल्या वहिनी?"

मी मागच्या सीटवरची धूळ झटकली, डावीकडची, खिडकीजवळची. ती काच आता पूर्ण उतरते.