खिशातला खडू

जगात एक चेंडू असा आहे, जो सरळ जातच नाही. कितीही नेम धरा, कितीही हळुवार सोडा. तो निघतो एका दिशेला आणि विसावतो भलत्याच ठिकाणी. घडवणाऱ्यानेच त्याची एक कूस दुसरीपेक्षा किंचित वेगळी घडवलेली असते. अंगात वेग आहे तोवर तो सरळपणाचा आव आणतो. वेग ओसरला, की आपल्या कुशीकडे झुकतो. खेळाडूचे कसब एवढेच, की ही वाकडी चाल आधी ओळखायची आणि तिच्यावर भरवसा ठेवून चेंडू हातून सोडायचा. माणसाचे तरी वेगळे काय आहे? तोही कुठे तरी झुकलेलाच जन्माला येतो. परमेश्वर मात्र त्याला सोडताना त्याचा झोक विसरत नाही, एवढ्याच आधारावर आपण सारे चाललो आहोत.

हे ज्याला चाळीस वर्षे रोज दिसत होते, त्याला सभागृहातले सगळे मौनीकाका म्हणत.

सभागृह म्हणजे मूळचे एक लांबच लांब गोदाम. हिवाळ्यात बाहेरचे हिरवे मैदान चिखलाने भरून जाई, म्हणून काही हौशी खेळाडूंनी छपराखाली गालिचा अंथरला आणि त्यावर चेंडू घरंगळत सोडायला सुरुवात केली. त्या गालिच्याची राखण मौनीकाकांकडे आली तेव्हा ते वीस वर्षांचे होते. सकाळी उठून गालिचा ताणायचा, गुडघ्यांवर रांगत एकेक सुरकुती तळहाताने शोधायची, लव एकाच दिशेला विंचरायची आणि दोन्ही टोकांच्या चरांतली धूळ काढायची. बायको म्हणे, “माझ्या केसांकडे कधी बघितलं नाही, आणि त्या गालिच्याचा भांग रोज पाडता!” काका हसत. बोलत नसत.

बोलत नसत, कारण सामन्याच्या वेळी ते पंच असत. या खेळातल्या पंचाचा धर्म मोठा कठीण आहे. गालिच्याच्या टोकाला जॅक नावाचा एक लहान पांढरा चेंडू असतो. ज्याचा चेंडू त्याच्या सर्वांत जवळ, त्याला गुण. खेळाडू चाळीस पावलांवर उभा. त्याला नीट दिसत नाही. तो पंचाला विचारतो, “कोणता जवळ?” मग पंचाने सांगायचे. विचारले तेवढेच सांगायचे, आणि विचारल्यावाचून ओठही हलवायचा नाही. हा नियम काकांच्या हाडीमांसी असा काही मुरला, की घरीसुद्धा “जेवलात का?” म्हटले तर “जेवलो” म्हणत, पण भूक लागली हे स्वतःहून सांगायला त्यांना कधी जमले नाही.

न विचारता करायचे काम एकच. चेंडू धावता धावता जॅकला शिवला, तर पंचाने पुढे होऊन त्यावर खडूने खूण करायची. खूण झालेला चेंडू पुढे घरंगळत चरात पडला तरी जिवंत. बिनखुणेचा पडला, तर मेला. तो उचलायचा आणि काठावर ठेवायचा. म्हणून पंचाच्या खिशात खडू असतो, आणि म्हणूनच मौनीकाकांचा उजवा हात सदैव खिशात असे. लेक चिडवी, “बाबा, खिशात काय खजिना आहे? चोर तरी येऊ दे एकदा!”

आता त्याच लेकीकडे एक मोठे काम आले होते. ती शाळेत शिकवी, हात लिहिता होता. सभागृहात दर हिवाळ्यात भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेला यंदा चाळीस वर्षे होत होती, आणि चिटणीसांनी तिला स्पर्धेचा इतिहास लिहायला सांगितले होते. कागदपत्रे अर्धी वाळवीने खाल्लेली. मग इतिहास कुठे होता? इतिहास घरातच होता, खिशात हात घालून बसलेला.

रोज दुपारी ती वही घेऊन समोर बसे. काका सांगत. पहिल्या वर्षी चार देशांचे मिळून सहाच खेळाडू आले, आणि गालिचा मधोमध शिवलेला असल्यामुळे प्रत्येकाचा चेंडू त्या शिवणीवर अडखळून नमस्कार करी. पाचव्या वर्षी अकरा देश झाले. नवव्या वर्षी बायकांची स्पर्धा सुरू झाली; पहिल्या विजेतीने चषक घेतला आणि सगळ्यांदेखत विचारले, “इतकी वर्षं काय घाबरत होता होय आम्हाला?” बाराव्या वर्षी टीव्हीवाले आले. त्यांच्या दिव्यांनी गालिचा असा तापला, की दुपारपर्यंत चेंडू उधळल्यासारखे धावू लागले आणि तीन माजी विजेते एकाच दिवशी घरी गेले. त्यानंतर हिरव्याऐवजी निळा गालिचा आला, कारण पडद्यावर तो उठून दिसे. लेक लिहीत गेली, हसत गेली, वही भरत गेली.

“आणि एकोणिसावं वर्ष?” तिने विचारले.

“एकवीस-वीस.”

“बस?”

“बस.”

विचारले तेवढेच त्यांनी सांगितले होते. लेकीने पान उलटले आणि काकांचा हात खिशात अधिक खोल गेला.

त्या एकोणिसाव्या वर्षी काय झाले, ते ऐका. अंतिम सामना. एका बाजूला गावाचा लाडका खेळाडू. घरच्या माणसाने कधी जिंकलेच नव्हते, त्यामुळे सारे सभागृह त्याच्यासाठी श्वास रोखून बसलेले. दुसऱ्या बाजूला तीन दिवसांचा प्रवास करून आलेला एक परदेशी, डाव्या हाताने खेळणारा, म्हणून सगळे त्याला डावरा म्हणत. वीस-वीस गुण झालेले. जॅक चराच्या काठापासून वीतभर. घरच्याचा चेंडू त्याच्यापासून हातभर. आणि डावऱ्याच्या हातात सामन्याचा शेवटचा चेंडू.

त्याने तो सोडला. चेंडू आला, वळला, झुकला, जॅकला शिवला आणि चरात पडला. ‘टक्’ असा आवाज झाला. जॅक तीळभर थरथरला. हे पाहणारे दोन डोळे साऱ्या जगात एकाच माणसाचे होते. खूण झाली असती, तर तो चेंडू जिवंत ठरून सर्वांत जवळचा ठरला असता. काकांचा हात खिशात गेला. खडू बोटांत आला. तेवढ्यात घरच्या खेळाडूने दोन्ही हात वर केले, सभागृह उभे राहिले, टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की तो एकोणचाळीस वर्षांचा माणूस जागच्या जागी थबकला. रोज रांगणाऱ्याने सगळ्यांसमोर उभे राहून म्हणायचे, थांबा? हात खिशात गेला तो खिशातच राहिला.

डावऱ्याने चाळीस पावलांवरून त्यांच्याकडे एकदा पाहिले. नुसते पाहिले, विचारले नाही. नजरेला उत्तर द्यावे असे नियमात नव्हते. काकांनी चेंडू उचलून काठावर ठेवला. डावरा हस्तांदोलन करून गेला, तो चेंडू न घेताच गेला, आणि पुन्हा कधी आला नाही.

आणि पुढे? पाप माणसाला नेहमी शिक्षा करून कोंडत नाही, बाबांनो. कधी कधी ते उपकार करून कोंडते. तो घरचा विजेता पुढे सभागृहाचा चिटणीस झाला. माणूस सोन्यासारखा. मौनीच्या हातच्या गालिच्यावर आपण जिंकलो हे तो विसरला नाही. त्याने सभागृहामागच्या दोन खोल्या काकांना राहायला दिल्या, लेकीला शाळेत लावायला स्वतः गेला, काका आजारी पडले तेव्हा डॉक्टर घेऊन आला. प्रत्येक उपकार म्हणजे आणखी एक कडी, आणखी एक कोयंडा. भिंतीवर विजेत्यांच्या नावांचा लाकडी फलक होता. त्यावरचे सोनेरी अक्षर न् अक्षर पुसायचे कामही काकांचेच. एकोणिसाव्या ओळीपाशी फडके जरा हळू फिरे.

आणि तो चेंडू? तो खोलीतल्या कपाटात, जुन्या मफलरात गुंडाळलेला होता. त्या आठवड्यात जॅकला काकांनीच नवा पांढरा रंग दिलेला. चेंडूच्या काळ्या पाठीवर त्या रंगाचा एक कण लागलेला होता. जगातली सगळी धूळ पुसणाऱ्या माणसाने एकवीस वर्षे तेवढा कण पुसला नव्हता.

पुस्तक छापून आले. निमंत्रणे गेली. एके दिवशी लेक पत्र नाचवत आली. “बाबा, डावरा येतोय! एकोणिसाव्या वर्षाचा उपविजेता हो. लिहितो, एक गोष्ट विचारायची आहे, ती गालिच्यावर उभा राहूनच विचारीन. काय विचारणार असेल?”

“विचारेल तेव्हा कळेल,” काका म्हणाले. त्या आठवडाभरात त्यांनी गालिचा इतका विंचरला, की बायको म्हणाली, “आता टक्कल पडेल त्याला.”

स्पर्धेच्या पहिल्या दिवशी सकाळी सभागृह रिकामे होते. चिटणीस खुर्च्या मोजत होते, लेक पुस्तकांचे गठ्ठे सोडत होती, काका टोकाशी चर झाडत होते. दाराशी काठी वाजली. पांढऱ्या केसांचा, जरासा वाकलेला माणूस आत आला. चेंडू सोडताना जिथे उभे राहतात, त्या छोट्या चटईवर जाऊन उभा राहिला, काठी उजव्या हातात घेतली, डावा हात मोकळा सोडला.

“पंच!” त्याने हाक मारली.

काका उठले. जॅकच्या जागी जाऊन उभे राहिले. चाळीस पावलांचे अंतर आणि एकवीस वर्षांचे.

“लागला होता का?”

श्वास घ्यावा तसे उत्तर आले.

“लागला.”

शब्द एकच. पण खुर्च्या मोजणारा हात थांबला. चिटणीस हळूहळू वळले. त्यांनी फलकाकडे पाहिले, मग काकांकडे.

“मौनी,” ते म्हणाले, “अरे, मला का नाही सांगितलंस? इतकी वर्षं रोज भेटतोयस.”

“तुम्ही विचारलं नाहीत, साहेब.”

हे वाक्य काकांनी एकवीस वर्षे उशीखाली ठेवून घासूनपुसून तयार केले होते. पण लेकीने चाळीस वर्षांचे नियम नुकतेच आपल्या हाताने लिहिले होते. ती अगदी हळू म्हणाली, “पण बाबा, खूण करायला कुणी विचारावं लागत नाही ना?”

ज्या भिंतीला टेकून ते इतकी वर्षे उभे होते, ती भिंत त्यांचीच होती. आत कोणी कोंडले नव्हते. कडी आतून होती. काका मागच्या दाराने गेले आणि मफलरातला चेंडू घेऊन आले. चाळीस पावले चालून गेले, आणि तो डावऱ्याच्या पुढे धरला.

डावऱ्याने चेंडू फिरवून पाहिला. बोट पांढऱ्या कणावर थांबले.

“याचे तीन भाऊ घरी पडलेत,” तो म्हणाला. “चारांचा संच, तिघांनी खेळता येत नाही, आणि नवे घ्यावेसे वाटेनात. लोक म्हणाले, हरला म्हणून सोडलं. हरलो म्हणून कुणी सोडतं होय? मला वाटलं, मी ऐकला तो आवाज माझ्याच डोक्यातला. माणसाचा स्वतःच्या कानावरचा विश्वास गेला, की हातून चेंडू सुटत नाही.”

“हा कण आहे ना साक्षीला,” काका कसेबसे म्हणाले. “त्यानंच खूण केली.”

“त्यानं त्याचं काम तेव्हाच केलं. तुमचं राहिलंय. खडू काढा.”

“वेळ गेली. खूण पुढचा चेंडू थांबायच्या आत करायची असते.”

“तुमच्या-माझ्यात पुढचा चेंडू पडलाच कुठे?”

काकांनी खिशातून हात काढला. खडू घामाने मऊ झाला होता. सगळ्यांदेखत, दिवसाढवळ्या, त्यांनी त्या काळ्या पाठीवर एक रेघ ओढली. वाकडी आली. त्यांना ती सरळ करायची होती, पण डावऱ्याने चेंडू आणि खडू दोन्ही काढून घेतले. “पुरे,” तो म्हणाला, आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर चेंडू मांडीत घेऊन बसला.

चिटणीसांनी फलकापाशी जाऊन एकोणिसाव्या ओळीवरून बोट फिरवले. मग लेकीकडे वळून म्हणाले, “पुस्तकं वाटू नकोस अजून. एकोणिसाव्या वर्षाच्या पानात प्रत्येक प्रतीत एक चिठ्ठी घाल. काय लिहायचं ते तुझ्या बाबांना विचार.” मग पुन्हा म्हणाले, “नीट विचार.”

जाता जाता काकांपाशी थबकले. डोळ्यांत राग होता, की आणखी काही, ते कळेना. “खोल्यांचं स्पर्धा झाल्यावर बोलू, मौनी.”

“बोला, साहेब,” काका म्हणाले.

बाहेर खेळाडूंच्या गाड्या येऊ लागल्या. लेक वही उघडून बाबांची वाट पाहत बसली. काकांचा उजवा हात सवयीने खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. हात कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. मग गालिच्यावर, दोघे म्हातारे उभे राहिले होते तिथे, एक सुरकुती दिसली. काका गुडघ्यांवर बसले आणि मोकळ्या तळहाताने ती चाचपू लागले.

“लिही,” ते लेकीला म्हणाले. अजून तिने काहीच विचारले नव्हते.