तिसरा रकाना

मन्मथआप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात डब्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या लिहीत होते. फोन लातूरहून, त्यांच्या सुनेचा, सुनीताचा. "ताई, आप्पा गेले... चहा घेतला, कप खाली ठेवला, अन् गेले." मी हातातल्या चिठ्ठीवर 'साखर' हा शब्द पूर्ण लिहिला आणि मगच खुर्चीत बसले. त्याला आता सहा आठवडे झाले. रडून झालं आहे. आता आप्पा आठवले की हसूच जास्त येतं.

आप्पा माझ्या वडिलांचे, अण्णांचे, दोस्त. हदगावला आमची कापूस-सोयाबीनची शेती, लातूरला आप्पांचं डाळींचं दुकान आणि मागे गोदाम. मैत्री जुळवली ती अण्णांच्या ॲम्बॅसिडरने. अहमदपूरच्या स्टँडसमोर ती बंद पडली होती. आप्पा एसटीतून चहाला उतरले आणि उगाच धक्का द्यायला लागले. गाडी सुरू झाली, तोवर त्यांची एसटी निघून गेलेली. मग अण्णांनीच त्यांना लातूरपर्यंत सोडलं. "लोकांची वळख बोलून होती, आमची ढकलून झाली," असं आप्पा पुढे तीस वर्षं सांगत राहिले, आणि दर वेळी धक्क्याचं अंतर थोडं वाढत गेलं.

अण्णांनंतर गाडी माझ्याकडे नांदेडला आली. दोन वर्षांपूर्वी आम्ही नवराबायको लेकीजवळ न्यूझीलंडला राहायला निघालो तेव्हा माझ्या यादीत चौदावा मुद्दा होता 'गाडी'. त्यासाठी मी वेगळा कागद केला, दोन रकाने आखले, 'नेणे' आणि 'ठेवणे', आणि दोन्हींचे फायदेतोटे लिहिले. ठेवायची तर जागा आप्पांच्या गोदामातच होती, म्हणून तो कागद घेऊन लातूरला गेले. कपाळावर विभूती, नाकावर चष्मा, आप्पांनी कागद दोनदा वाचला.

"अन् तिसरा रकाना कुठाय?"

"तिसरा कसला?"

"फिरवण्याचा. गाडी काय लोणचं हाय का माय, झाकून ठेवायला?"

मी तरीही 'नेणे' ठरवलं. त्या बाजूला मुद्दे जास्त होते, आणि अण्णांची गाडी डोळ्यांसमोर असावी असं वाटत होतं. जहाजाने गाडी नेणाऱ्या कंपनीने एक अट कळवली. तिकडे माती, बी, वाळकं पान, काहीच चालत नाही. एक दाणा जरी सापडला तरी गाडी बंदरावर अडकणार. आप्पा लगेच म्हणाले, "धुवायचं माझ्याकडं लागलं." गाडी गोदामात गेली आणि रोज संध्याकाळी मला नांदेडला फोनवर अहवाल येऊ लागला. पहिल्या दिवशी चाकांच्या वरून पाटीभर काळी माती निघाली. दुसऱ्या दिवशी सरकी आणि माझी शाळेतली लाल रिबीन. तिसऱ्या दिवशी अण्णांचा हरवलेला अडकित्ता. मी सगळं लिहून घेत होते. आठव्या दिवशी फोन आला, "माय, तू येच. गाडीला कोंब फुटला."

मी दुपारच्या एसटीने पोचले. मागच्या सीटखाली, ओल्या चटईवर, मुगाचे सहा कोंब उभे होते, हिरवेगार. शेजारी आप्पा देवळात उभं राहावं तसे गंभीर.

"आप्पा, आमच्याकडे मूग कधी पिकलाच नाही."

"अण्णाला दिला असंल कुणी पसाभर."

"परत धुतली तर?"

"धू की. उद्या तूर निघंल."

मी तिथेच सीटवर बसले आणि पोट दुखेपर्यंत हसले. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. बॉनेटवर कागद ठेवून 'नेणे' खोडलं, 'ठेवणे' खोडलं, तिसरा रकाना आखला. त्यात आप्पांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'दर सोमवारी'.

आणि ते त्यांनी पाळलं. दर सोमवारी महादेवाचं दर्शन झालं की गाडीत बसून ते मोबाइलवर आवाज पाठवायचे. दोन वेळा हॉर्न, मग, "ऐकलं का माय? चालू हाय." बस, एवढंच. इथे तेव्हा दुपार असायची. तो हॉर्न ऐकल्याशिवाय माझा आठवडा सुरू व्हायचा नाही.

आप्पा गेल्यावर पाच सोमवार फोन वाजला नाही. नवरा हळूच म्हणाला, "गाडीचा आता परत विचार करावा लागेल." मला ते कळत होतं. उभी गाडी खराब होते, आणि आप्पांच्या घरात स्टिअरिंगजवळचे ते जुने गिअर टाकता येणारं कुणी नव्हतं. मी कंपनीला पत्र लिहायला घेतलं, पण आधी सुनीताला फोन केला.

"न्यायची असंल तर न्या, ताई," ती म्हणाली. "पण एक सांगते, रागावू नका... ते मूग आप्पांनीच टाकले होते. भिजवून मी दिले होते."

"सुनीता!"

"म्हणाले, गाडी तिकडं गेली तर ही पोर लातूरला कशाला येईल? अन् ताई... आप्पा मला गाडी शिकवून राहिले होते. दुसऱ्या गिअरपर्यंत आलो होतो."

हसू की रडू ते ठरेना. शेवटी हसलेच. पत्र तसंच राहिलं.

परवा सोमवारी दुपारी फोन वाजला. दोन वेळा हॉर्न. मग एक मोठी करकर, आणि सुनीताचा आवाज, "ऐकलं का ताई? चालू हाय. पण तिसरा पडंना!"

"जोर लावू नको," मीही आवाज पाठवून सांगितलं, "क्लच पूर्ण दाब आणि लिव्हर हलक्या हाताने घे." तो कागद इथे फ्रिजवर लावलेला आहे. 'दर सोमवारी'च्या खाली, आप्पांच्या अक्षराला धक्का न लावता, मी एक ओळ वाढवली: 'दिवाळीला लातूर. सुनीताला तिसरा गिअर शिकवणे.'