मामांचं मनगट

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत ज्यांच्याशी हात मिळवायच्या आधी माणसं दोनदा विचार करत, असे गृहस्थ मी एकच पाहिले, आणि ते नेमके माझ्या बायकोचे थोरले मामा निघाले. महाळुंगे पडवळच्या या माणसाला रामराम मंजूर नव्हता. रामराम लांबून होतो, त्यानं समोरचा कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. "मेंढरू दातावरनं अन् माणूस मनगटावरनं," हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान, आणि ते त्यांनी माझ्यावर लग्नाच्या मांडवातच वापरलं. मी शाळेत मराठी शिकवणारा. खडूपेक्षा जड काही या हातानं कधी उचललेलं नाही. मामांनी हात पुढे केला, मी भाबडेपणानं दिला, आणि नवी कोरी अंगठी शेजारच्या दोन्ही बोटांत रुतली. त्या क्षणाचा फोटो आमच्या अल्बममध्ये आहे. पाहणाऱ्याला वाटतं, सासरी जायला निघालोय तो मीच.

ही पकड कातरीची होती. मामांच्या घरची मंडळी पूर्वी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत चालत जायची. आता तीसेक मेंढरं उरली आहेत आणि पोट कांद्या-टोमॅटोवर चालतं. पण लोकर कातरावी ती मामांनीच, हे मात्र चाळीस वर्षं ठरलेलं. आसपासच्या वाड्यांवरून बोलावणं यायचं. मेंढराला गुडघ्याखाली घेऊन मामा कातर चालवू लागले की ते जनावर डोळे मिटून पडायचं, आणि उठायचं तेव्हा एखाद्या मुंजीतल्या बटूसारखं दिसायचं. या सवयीनं मामांना जगात कुठंही काही वाढलेलं खपत नसे. आमच्याकडे जुन्नरला आले की पायपुसण्याचे सुटलेले दोरे आणि सोफ्याच्या कव्हराची झालर साफ करून जात. झालर मुद्दाम लावलेली असते, हे त्यांना बायकोनं दोनदा समजावलं. एकदा आमचा गळका नळ त्यांनी हातानंच बंद केला. तो पुढे प्लंबर आणून उघडावा लागला.

मामी या सगळ्याला पुरून उरलेल्या. ठेंगण्या, शांत, कपाळावर मोठं कुंकू आणि पाठीवर अशी घट्ट, सरळ वेणी की एक केस इकडचा तिकडे नाही. "या वयात मामीला एवढी चापूनचोपून वेणी जमते कशी?" असं माझी बायको दर भेटीत म्हणायची. मामी नुसत्या हसायच्या. दोन वर्षांपासून त्यांचा उजवा खांदा आखडला होता, हात कानाच्या वर जात नव्हता. वरच्या फळीवरचा डबासुद्धा सुनेला काढून द्यावा लागे. हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं. पण या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहायचं कुणाला सुचलं नाही.

गेल्या वर्षी मामांचं उजवं मनगट दुखायला लागलं. मामांनी स्वतःवर तेच उपचार केले जे मेंढरांवर करतात. पाय मोडलेल्या कोकराला बांधतात तशा बांबूच्या कामट्या मनगटाला बांधल्या, वर हळद-चुन्याचा लेप लावला आणि महिनाभर तसेच हिंडले. कोकरू बरं होतं, मामा झाले नाहीत. एक दिवस हातातून चहाची कपबशी सुटली. त्याच दिवशी मामींनी सुनेकडून मला फोन करवला. मग मी त्यांना नारायणगावला पुण्याहून शनिवारी येणाऱ्या हाताच्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

डॉक्टरबाई वयानं लहान. मामांनी शिरस्त्याप्रमाणे हात पुढे केला. बाईंनी तो हळूच उलटा करून टेबलावर ठेवला आणि दाबून पाहिला. मामांना कुणी असं उताणं केलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. एक्स-रे लावून त्या म्हणाल्या, "मनगटात आठ छोटी हाडं असतात. त्यातल्या या चंद्रकोरीसारख्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडलाय. ते हाड मेलंय, त्याचा चुरा झालाय, आणि आता शेजारची हाडंही झिजायला लागलीत."

"मेलेलं मेंढरू कळपात ठेवत न्हाईत," मामा म्हणाले. "काढून टाका."

इतकं सोपं नव्हतं. बाईंनी दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे धातूची पट्टी आणि स्क्रू घालून मनगट कायमचं जोडून टाकायचं. दुखणं जाईल, पकड चांगली राहील, पण मनगट पुन्हा वाकणार नाही. दुसरी म्हणजे त्या मेलेल्या हाडासकट हाडांची एक ओळच काढायची. मनगट निम्मंशिम्मं वळेल, पण जोर कमी होईल, दिवसभर कातर चालणार नाही. "घाई नको," बाई म्हणाल्या. "दोन आठवडे प्लास्टर घालते. जोडलेलं मनगट कसं असेल ते अनुभवा, मग सांगा."

मामांनी या दोन आठवड्यांची परीक्षाच मांडली. सगळ्या गावाला सांगत सुटले, "माझ्या मनगटात चंद्र व्हता राव, त्याला अमावस्या लागली." प्लास्टर घालून त्यांनी शेळीची धार काढली, कांद्याची गोणी उचलली, मिशीला पीळ दिला. मोटरसायकल मात्र जमली नाही, पण ती त्यांना आधीही फारशी जमत नव्हती. शेवटी पारापुढं चार माणसं जमवून त्यांनी एक मेंढरू कातरलं. जरा वेडंवाकडं झालं, पण झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि निकाल लावून टाकला की मनगट जोडायचं, कातर वाचली. मीही टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मामी दारात डोक्यावरून पदर घट्ट ओढून बसल्या होत्या. मला वाटलं, कान दुखत असेल. चहा देतानाही त्यांनी पदर सरकू दिला नाही.

प्लास्टर उघडायला गेलो तेव्हा आतून मूठभर लोकर निघाली. डॉक्टरबाईंनी ती चिमट्यानं धरून मला दाखवली, जणू मीच भरली होती. मग विचारलं, "बाबा, काय काय जमलं?"

मामांनी सगळी यादी सांगितली.

"आणि काय नाही जमलं?"

मामांनी मोकळं झालेलं मनगट चोळलं. माझ्याकडे पाहून म्हणाले, "पावणं, जरा भाईर थांबता का?" मी बाहेर गेलो. बाहेर म्हणजे पडद्याच्या पलीकडे. ऐकायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण मामांना हळू बोलण्याची सवयच नाही.

"हिचा खांदा वर जात न्हाई, बाई. दोन सालापास्नं येनी मीच घालतो. दिस उगवायच्या आत, दार लावून. कामट्या सोडून घालता यायची, ह्या पिलास्टरमदी हात वळत न्हाई, तीन पेड धरता येत न्हाईत. पंधरा दिस झालं, डोक्यावरचा पदर तिनं काढला न्हाई. बोलत काय न्हाई ती."

"सूनबाई घालतील की."

"तिला सांगायची हिला लाज वाटती. आन् मी सांगितलं तर घरात कळंल, आजपतोर कोन घालत व्हतं."

बाईंनी एक्स-रे पुन्हा उजेडाला धरला. मग म्हणाल्या, "दुसरं ऑपरेशन केलं तर वेणी घालता येईल, असं मला वाटतं. पण कातर सुटेल, बाबा. ते आधीच सांगते."

"सुटंल तर सुटंल," मामा म्हणाले. "मेंढरं कुणाकडनंबी कातरून घेत्यात. हिला दुसऱ्याचा हात चालत न्हाई."

मी पडद्यामागे उभा होतो. वीस वर्षं मी या माणसाची नक्कल करून मास्तरांच्या खोलीत हशा पिकवत आलो होतो, याची मला त्या वेळी मनापासून लाज वाटली.

ऑपरेशन नीट झालं. हाडांची ओळ काढली, पुढे तीन-चार महिने मामा बाईंनी दिलेला स्पंजाचा चेंडू दाबत बसले आणि त्या चेंडूला शिव्या देत राहिले. गावानं कपाळाला हात लावला. एवढा कातरणारा गडी, आणि निवडलं काय तर दुबळं मनगट. मामांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "डॉक्टरबाईनं फसवलं." बाईंची क्षमा मागून सांगतो, मीही ते खोटं चालू दिलं.

आता लोकर कातरायला पुतणे असतात. मामा शेजारी बाजेवर बसून त्यांना नावं ठेवतात. "कान कापू नगंस, कान तिचा हाय." मधेच त्यांचा उजवा हात आपोआप उघडमिट व्हायला लागतो, आणि ते लक्षात आलं की ते तो मांडीखाली घालून बसतात. तेवढा वेळ मला त्यांच्याकडे पाहवत नाही.

परवा गेलो होतो. मामींच्या पाठीवर वेणी होती, पूर्वीइतकी घट्ट नाही, मधेच एक पेड सैल, शेवटाला जरा डावीकडे कललेली. बायको पाहतच राहिली, म्हणाली, "मामी, वय झालं बरं का तुमचं." मामी पूर्वीसारख्याच नुसत्या हसल्या. पदर खांद्यावर होता.

निघताना मामांनी शिरस्त्याप्रमाणे हात पुढे केला. मी दिला. त्यांनी दाबला, होता नव्हता तेवढा जोर लावून, मिशी थरथरेपर्यंत. मला नुसता ऊबदार हात लागला.

"मेलो, मामा," मी म्हणालो. "सोडा."

मामांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "खोटं बोलता, पावणं," ते म्हणाले, आणि हात मात्र आणखी थोडा वेळ तसाच धरून ठेवला.